इंदूरला बसून इंग्लंडची मध्ययुगीन चांदीची नाणी कशी जमवायची

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, बाकीचं नंतर. इंग्लंडची मध्ययुगीन चांदीची नाणी जमवायची मनात असेल तर सुरुवातीला एक रुपयाही खर्च करू नका, आधी नाणं वाचायला शिका. लंडनचा माणूस दुकानात जातो, नाणं हातात घेतो, उलटसुलट करून बघतो, नाही पटलं तर ठेवून घरी येतो. आपण इंदूरला बसून फोटो बघून घेणार, नाणं हातात येणार पैसे गेल्यावर, आणि परत पाठवायचं म्हटलं तर आपला कायदा आडवा येतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय. म्हणजे विकणाऱ्याने काय लिहिलंय यावर विसंबायचं की फोटोतलं नाणं स्वतः वाचून ठरवायचं, एवढाच प्रश्न उरतो. आणि वाचणं अजिबात अवघड नाही, ज्यांनी होळकरी रुपयावरची अर्धीमुर्धी फारसी ओळखायला शिकली त्यांना तर सोपंच जाईल, इथे निदान रोमन अक्षरं आहेत.

नाणं म्हणजे मुख्यतः पेनी. आठव्या शतकात मर्सिया (तेव्हाच्या इंग्लंडातलं एक राज्य) इथला राजा ऑफा याच्या काळात रुंद, पातळ चांदीची पेनी रूढ झाली आणि पुढची पाचएकशे वर्षं इंग्लंडात रोजच्या व्यवहाराला जवळपास हे एकच नाणं होतं. अर्धी पेनी पाहिजे तर पेनी मधोमध कापायची, पाव पाहिजे तर अजून एकदा कापायची, आणि हे कापलेले तुकडे आज वेगळे जमवले जातात, स्वस्त मिळतात आणि मला फार आवडतात कारण ते खरंच बाजारात फिरलेले असतात. चांदी हजारात ९२५ भाग, आज दागिन्यावर ९२५ लिहिलेलं असतं तेच स्टर्लिंग. २४० पेन्यांचा एक पाउंड, आणि एका पेनीचं ठरलेलं वजन साधारण २२.५ ग्रेन म्हणजे १.४६ ग्रॅम.

घरात आजीच्या डब्यात राणी छाप चांदीची चवली असेल तर काढून हातावर ठेवा. रुपया १८० ग्रेनचा, चवली त्याचा आठवा हिस्सा म्हणजे २२.५ ग्रेन, तेवढंच वजन पेनीचं. फक्त पेनी चवलीपेक्षा रुंद असते, साधारण १८ ते २० मिलिमीटर, त्यामुळे खूपच पातळ. स्क्रीनवर ती ताटलीएवढी दिसते आणि पाकीट उघडल्यावर नवीन माणूस दचकतो, एवढंसंच? हो, एवढंसंच, आणि म्हणूनच फोटो बघताना मिलिमीटर आणि ग्रॅमचे आकडे आधी बघायची सवय लावायची.

ही सगळी नाणी हातोड्याने पाडलेली. खालचा ठसा ठोकळ्यात रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा हातात धरून घाव घालायचा. घाव तिरका पडला तर एका बाजूची अक्षरं गायब, चकती हलली तर चेहरा दोनदा उमटतो, कड कधीच पूर्ण गोल नाही. हे दोष नाहीत, हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे, पण किमतीत फरक पडतो, म्हणून नाण्याची झीज किती आणि मुळात छापच किती कमजोर पडलाय हे दोन वेगळं करून बघायला शिका. झिजलेल्या नाण्यात उंच भाग आधी सपाट होतात, नाक, केस, मुकुट. कमजोर छापात एखादा पट्टा सरळ पुसल्यासारखा असतो आणि बाजूची अक्षरं मात्र धारदार असतात, आणि बहुतेक वेळा मागच्या बाजूला त्याच जागी पण पुसट असतं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय नाणं ओळखता येत नाही. राजा एडगर याने ९७३ च्या सुमाराला सगळ्या देशाची नाणी एकसारखी केली, पुढे राजाचं नाव आणि मागे नाणं पाडणाऱ्याचं नाव आणि टांकसाळीचं गाव. नाव का, तर चांदी कमी निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं, आपल्या सराफ्यात जसा दागिन्यावर दुकानाचा शिक्का असतो तसं. आणि धरायचे म्हणजे खरंच धरायचे, पहिल्या हेन्रीने ११२४ च्या नाताळात नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलावून घेतलं आणि खोट्या नाण्यांबद्दल त्यांचे उजवे हात तोडले. नाण्यावर विल्यम किंवा निकोल असं साधंसं नाव वाचताना हे डोक्यात असलं ना की ते नाव वेगळंच दिसायला लागतं.

११८० मध्ये दुसऱ्या हेन्रीने नवी पेनी काढली, तिला शॉर्ट क्रॉस म्हणतात, मागच्या बाजूला जाड दुहेरी रेषांचा आखूड क्रूस आणि चार कोपऱ्यात चार छोटे क्रूस. इथे एक गंमत आहे आणि होळकरी नाणी बघणाऱ्याला ती लगेच कळते. पुढच्या बाजूला हेन्रीकस रेक्स असं लिहिलेलं असतं, पण हेन्री ११८९ मध्ये वारला, मग रिचर्ड आला, मग जॉन आला, आणि नाण्यावर नाव मात्र हेन्रीचंच, थेट १२४७ पर्यंत, मधेच तिसरा हेन्री गादीवर आला तेव्हा नाव परत बरोबर झालं. आपल्याकडे मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या टांकसाळीच्या रुपयावर दिल्लीचा बादशहा शाह आलम, आणि तो १८०६ ला वारला तरी पुढे कित्येक वर्षं त्याचंच नाव चालू होतं, राज्य होळकरांचं. तिथे आपण नावावर जात नाही, सूर्य बघतो, शिवलिंग बघतो, बेलाचं पान बघतो. इथे पण तेच, शॉर्ट क्रॉस पेनीचे १ ते ८ असे वर्ग पाडलेत आणि राजा कोणता ते केसांच्या कुरळ्या बटांवरून, दाढीवरून, मुकुटाच्या मण्यांवरून आणि मुख्य म्हणजे नाणं पाडणाऱ्याच्या नावावरून ठरतं. म्हणून कोणी रिचर्डची पेनी म्हणून जास्त पैसे मागत असेल तर वर्ग कोणता ते विचारायचं, उत्तर नसेल तर हेन्रीच्या पेनीच्या किमतीला पण घेऊ नका.

शॉर्ट क्रॉसची अडचण अशी झाली की लोक कडा कातरायचे, थोडी थोडी चांदी काढून घ्यायचे आणि नाणं पुढे चालवायचे. १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने क्रूस लांब केला, चारही टोकं थेट कडेपर्यंत नेली, म्हणजे टोक दिसलं नाही की कळतं, कातरलंय. ही लाँग क्रॉस पेनी. चार कोपऱ्यात तीन तीन ठिपके, मागे निकोल ऑन कँट म्हणजे कँटरबरीचा निकोल, किंवा हेन्री ऑन लुंडे म्हणजे लंडनचा हेन्री. अक्षरं एकमेकाला चिकटवून लिहिलेली असतात, सुरुवातीला त्रास होतो.

आणि मग १२७९, पहिला एडवर्ड. तुम्ही शिकायला सुरुवात करायची ती इथून, कारण हीच पेनी सगळ्यात जास्त मिळते, सगळ्यात स्वस्त मिळते आणि सगळ्यात स्पष्ट वाचता येते. या पेनीवर मी जरा वेळ घेतो.

पुढच्या बाजूला समोर बघणारा चेहरा, डोक्यावर मुकुट, मुकुटाला तीन फुलं, दोन्ही कानांवर केसांचे झुपके. चेहऱ्याभोवती मण्यांचं वर्तुळ आणि त्याच्या बाहेर मजकूर. बरोबर वर, मुकुटाच्या माथ्यावर, एक छोटा क्रूस असतो, वाचायला तिथून सुरुवात करायची आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं. ई, डी, डब्ल्यू, मग आर, हे झालं राजा एडवर्ड. मग ए, एन, जी, एल, म्हणजे इंग्लंडचा. मग डी, एन, एस आणि एच, वाय, बी, म्हणजे आयर्लंडचा धनी. अक्षरं आजच्यासारखी नसतात, ई गोलसर असतो आणि पुढून बंद झालेला, सी पण तसाच बंद, त्यामुळे दोघांत गोंधळ होतो, ई च्या पोटात आडवी दांडी शोधायची. ए ला बऱ्याचदा मधली दांडीच नसते. एन कधी उलटा कोरलेला. यू च्या जागी व्ही.

मागच्या बाजूला लांब क्रूस मजकुराचे चार तुकडे करतो. लंडनच्या नाण्यावर सिव्हि, तास, लोन, डोन, एका एका कोपऱ्यासमोर एक एक तुकडा, सिव्हितास म्हणजे लॅटिनमध्ये शहर. हे एकदा डोळ्यात बसलं की नाणं कितीही झिजलेलं असो, एक तुकडा वाचता आला तरी बाकीचा अंदाज येतो. कँटरबरीला शेवटचे दोन तुकडे कॅन आणि टोर. डरहमला डुर आणि एमे. यॉर्कला एबो आणि रासि, कारण लॅटिनमध्ये यॉर्क म्हणजे एबोराकम. ब्रिस्टलवर सिव्हितास नाही, व्हिला, शहर नाही तर नगर. बरी सेंट एडमंड्स या मठाच्या टांकसाळीत मात्र सुरुवातीला गावाऐवजी रॉबर्ट दे हॅडली असं माणसाचं नाव चालू राहिलं, एडवर्डने बाकी सगळीकडे नाणं पाडणाऱ्याचं नाव बंद केलं तरी तिथे राहिलं, आणि ते नाणं मिळालं तर सोडू नका.

राजाच्या नावाची लांबी पण बघा. नुसतं ई-डी-डब्ल्यू असेल तर बहुतेक १३०१ च्या आधीचं. एडवा, एडवर, एडवर्ड असं लांब व्हायला लागलं की त्यानंतरचं, आणि मग ते पहिल्या एडवर्डच्या शेवटच्या वर्षांतलं की १३०७ ला गादीवर आलेल्या दुसऱ्या एडवर्डचं हे मुकुटाच्या बारीक आकारावरून बघावं लागतं. इथे विकणारे पण घाईत काहीही लिहितात, त्यामुळे जो वाचतो त्याचा कधीकधी फायदा होतो.

सराव कसा करायचा ते सांगतो. ब्रिटनमध्ये शेतात सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, १९९७ पासून चालू, तिचा डेटाबेस फुकट बघता येतो आणि त्यात हजारो पेन्यांचे फोटो आहेत. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह पण ऑनलाइन आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमचा एक डेटाबेस सुरुवातीच्या मध्ययुगातल्या नाण्यांचा आहे. फोटो उघडा, खालची माहिती हाताने झाका, वहीत एक गोल काढा, वर छोटा क्रूस काढा आणि जी अक्षरं दिसतात ती त्यांच्या जागेवर लिहा, जी दिसत नाहीत तिथे रिकामी जागा सोडा. मग माहिती उघडून तपासा. मुलं पहाडे करतात तसं रोज थोडं थोडं केलं तर काही आठवड्यांत लंडन आणि कँटरबरी न थांबता वाचता येतं. मुद्दाम झिजलेले, वाकलेले, अर्धे तुटलेले फोटो घ्या, चकचकीत नाण्यांवर सराव करून काही उपयोग नाही.

सरावातच सारख्या दिसणाऱ्या परक्या नाण्यांची ओळख होते. स्कॉटलंडच्या तिसऱ्या अलेक्झांडरची पेनी वजनाला सारखी, पण चेहरा बाजूने दिसतो आणि मागे ठिपक्यांऐवजी तारे. एडवर्डनेच आयर्लंडसाठी पाडलेल्या पेनीवर चेहरा त्रिकोणात बसवलेला. आणि समुद्रापलीकडे फ्लँडर्सकडच्या सरदारांनी एडवर्डच्या पेनीची नक्कल करून हलकी नाणी पाडली, काहींच्या डोक्यावर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ, त्यांना क्रॉकर्ड आणि पोलार्ड म्हणायचे. ती एवढी घुसली की १२९९ च्या शेवटी एडवर्डने त्यांची किंमत अर्धी केली आणि १३०० मध्ये बंदच केली. ही नाणी खोटी म्हणून टाकू नका, ती त्या काळचीच आहेत आणि जमवणारे ती आवडीने घेतात, फक्त इंग्लिश म्हणून घेऊ नका.

वजनाचं नीट समजून घ्या कारण बहुतेक नवीन लोक इथेच फसतात. चांगल्या एडवर्ड पेनीचं वजन साधारण १.३ ते १.४५ ग्रॅम. १.१ असेल तर कातरलेली किंवा खूप झिजलेली. पण हा नियम सगळ्या काळाला लावू नका! १३५१ मध्ये पेनी १८ ग्रेनची झाली म्हणजे १.१७ ग्रॅम, १४१२ मध्ये १५ ग्रेन, ०.९७ ग्रॅम, आणि १४६४ मध्ये १२ ग्रेन, ०.७८ ग्रॅम. त्यामुळे सहाव्या हेन्रीची ०.९ ग्रॅमची पेनी कातरलेली नाही, ती तशीच पाडलेली आहे. ग्रोट म्हणजे चार पेनीचं नाणं, एडवर्ड पहिल्याने काढून बघितलं ते चाललं नाही, तिसऱ्या एडवर्डने १३५१ मध्ये काढलं ते चाललं, त्याचं वजन त्याच क्रमाने ४.६७, ३.८९ आणि ३.११ ग्रॅम. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

चांदी तपासायची म्हणून लोक पाण्यात वजन करायची पद्धत सांगतात. पद्धत बरोबर आहे, हवेतलं वजन घ्यायचं, मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही, काटा जेवढं दाखवेल त्याने हवेतल्या वजनाला भागायचं. स्टर्लिंगला उत्तर १०.३ च्या आसपास यायला पाहिजे. पण हिशेब करून बघा, १.४० ग्रॅमची पेनी पाण्यात फक्त ०.१३६ ग्रॅम दाखवणार, आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्त काटा दोनच दशांश दाखवतो, म्हणजे ०.१३ किंवा ०.१४. एकात उत्तर १०.८, दुसऱ्यात १०.०. काहीच कळलं नाही. तीन दशांशाचा, मिलिग्रॅमचा काटा लागतो, तो सराफ्यात ओळखीच्या सराफाकडे असतो, दुपारी गर्दी नसताना जा. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढणाऱ्या मशीनवर पण ठेवता येतं, त्याने नाण्याला काही होत नाही. मशीन वरवरचा थरच बघतं आणि जमिनीत राहिलेल्या नाण्याच्या वरच्या थरात चांदी थोडी जास्त दाखवते, तेव्हा ९४-९५ आलं तरी घाबरू नका. एकच सांभाळा, कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका आणि "धुवून चकाचक करून देतो" म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा. आणि लक्षात ठेवा की टंच बरोबर आला म्हणजे नाणं खरं असं नाही, चांगले नकली पण चांदीचेच करतात.

नकली ओळखायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे तुलना. हातोड्याने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोघांची कड, चीर, चकतीचा वाकडेपणा आणि छाप कुठे सरकलाय हे सगळं सारखं असूच शकत नाही. दोन वेगळ्या विक्रीत अगदी त्याच जागी तीच चीर दिसली की दोन्ही सोडून द्या. ओतलेल्या नकलीत अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ असतात, खोलगट जागेत बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कधी कडेला चौफेर जोडाची रेघ असते. दहा पटीचं भिंग पुरेसं आहे, महागडं मायक्रोस्कोप नको. त्या काळातल्याच खोट्या नाण्यांत आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असतो, नाकावर किंवा कडेला लालसर दिसतं. नकली करणारे महाग राजांच्या मागे जास्त लागतात, १०६६ चा दुसरा हॅरल्ड, तिसरा रिचर्ड, त्यामुळे ही नावं स्वस्तात दिसली तर पुढे चला.

मग पहिलं काय घ्यायचं? पहिल्या एडवर्डची लंडनची पेनी, दोन्ही बाजूंचा मजकूर निम्म्याहून जास्त वाचता येईल अशी, चेहऱ्याचे दोन्ही डोळे दिसतील अशी. चाळीस-पन्नास पाउंडाच्या आसपास बरी मिळते. त्याच पैशात पाच घासलेल्या पेन्यांचा लॉट पण मिळेल, मोह होईल, नका घेऊ, त्या तुमच्याकडून वाचल्या जाणार नाहीत आणि न वाचलेलं नाणं डब्यात पडून राहतं. दुसरी कँटरबरीची. तिसरी डरहमची, आणि ती बिशप अँटनी बेकची बघा, डरहमची टांकसाळ बिशपच्या हक्काची होती आणि मजकुराच्या सुरुवातीला साध्या क्रूसाऐवजी बेकचा टोकं फुटलेला क्रूस असतो. एका नखाएवढ्या चांदीत राजा पण आहे आणि बिशप पण. असं टांकसाळीप्रमाणे जमवणं मला सगळ्यात पटतं, खर्च आवाक्यात राहतो आणि इंग्लंडचा नकाशा आपोआप पाठ होतो, न्यूकॅसल, लिंकन, चेस्टर, एक्सेटर, हल. मग मागे जाऊन एक लाँग क्रॉस, एक शॉर्ट क्रॉस, एक कापलेला तुकडा.

ग्रोट हवं असेल तर सहाव्या हेन्रीचं कॅलेचं घ्या. कॅले फ्रान्सच्या किनाऱ्यावर, १३४७ पासून इंग्रजांच्या ताब्यात, इंग्लंडची लोकर तिथून विकली जायची आणि तिथे आलेल्या चांदीची तिथेच नाणी पडायची, म्हणून ही ग्रोटं भरपूर उरलीत. १४२२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या ग्रोटवर राजाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या अंगठ्या असतात, मागे दोन ओळी, आतल्या वर्तुळात व्हिला कालिसी आणि बाहेरच्यात देव माझा पाठीराखा अशा अर्थाचा लॅटिन मजकूर. मोठं नाणं, देखणं नाणं, घरच्यांना दाखवायला पण हेच बरं. विल्यम द कॉन्कररची पेनी सगळ्यांना हवी असते आणि ती मिळते पण, कारण १८३३ मध्ये बोवर्थ गावात हजारो नाण्यांचा ठेवा निघाला, पण शेकड्याने पाउंड लागतात, घाई नको.

घ्यायचं कोणाकडून, तर ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचे सभासद असलेले व्यापारी किंवा नावाजलेली लिलावघरं. लिलावात बोलीच्या वर त्यांचं कमिशन, मग पोस्ट, मग आपल्या कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, हे सगळं धरूनच बोली लावायची. पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: वर्ग आणि कॅटलॉग नंबर (स्पिंकच्या कॅटलॉगचा नंबर सगळे देतात), ग्रॅममध्ये वजन, आधी कोणाच्या संग्रहात होतं, आणि भारतात पाठवायची तयारी आहे का, एक्स्पोर्ट लायसन्स लागतं का आणि लागलं तर कोण काढणार. तिथल्या जमिनीतून निघालेल्या वस्तू बाहेर न्यायला लायसन्सचे नियम आहेत, ते आर्ट्स काउन्सिल इंग्लंड बघतं. तिथे १९९६ चा ट्रेझर ॲक्ट पण आहे, तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त सोन्याचांदीची नाणी एका जागी सापडली तर कळवावंच लागतं. "काल शेतात मिळालं, कागद नाहीत, स्वस्तात देतो" असा निरोप आला तर उत्तर देऊ नका.

इकडचा कायदा. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्टप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवणं खाजगी माणसाला बंद आहे. आपलं नाणं इंग्लंडहून आलंय म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. म्हणजे आवडलं नाही तर परत पाठवणं, ग्रेडिंगला परदेशी पाठवणं, तिकडच्या लिलावात विकणं, हे सगळं मनातून काढून टाका, आणि म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की आधी वाचायला शिका. आणताना कस्टममध्ये खरं लिहा, जुनी नाणी संग्रहासाठी, हेडिंग ९७०५, खरी किंमत, बिल सोबत. दर बदलतात, त्या वेळी कस्टम एजंटला विचारून घ्या. गिफ्ट म्हणून कमी किंमत लिहायला विकणारा तयार असला तरी करू नका, पाकीट हरवलं तर भरपाई पण तेवढीच मिळते. लेस्टरचा भाचा दिवाळीला येणार आहे म्हणून त्याच्या खिशातून आणायचं असेल तर त्याला पण बिल आणि तिकडचे कागद द्या आणि डिक्लेअर करायला सांगा, पोराला एअरपोर्टवर अडकवू नका.

नाणं आलं की कडेने धरा, खाली टॉवेल पसरून. ही चांदी जुनी होऊन ठिसूळ झालेली असते, वाकलेलं नाणं सरळ करायला गेलात तर कडकन दोन तुकडे. शिवाय तो वाक मुद्दाम घातलेला असू शकतो, मध्ययुगात आजारपणात संताला नवस बोलताना पेनी वाकवायची पद्धत होती, आपल्याकडे नवसाचा नारळ किंवा सव्वा रुपया बाजूला काढतात ना, त्याच भावनेने. धुवायचं नाही, चिंच नाही, रिठे नाही, टूथपेस्ट नाही, भांड्यांची पावडर नाही. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका. काळसर रंग राहू द्या, त्यानेच अक्षरं उठून दिसतात.

ठेवायला पीव्हीसीची मऊ पारदर्शक पाकिटं वापरू नका, त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. पीव्हीसी नसलेली फ्लिप किंवा ॲसिड नसलेल्या कागदाची छोटी पाकिटं घ्या. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड जवळ नको, यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. इंदूरचा उन्हाळा कोरडा असतो, त्याची काळजी नाही, पण जुलै ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदललेली पुडी वेळेवर बदला.

प्रत्येक नाण्याचं एक कार्ड करा. वर तुम्ही स्वतः वाचलेला मजकूर, न दिसणारी अक्षरं रिकामी ठेवून, खाली वजन, व्यास, वर्ग, टांकसाळ, कोणाकडून, कधी, केवढ्याला. जुन्या संग्राहकाचं हाताने लिहिलेलं तिकीट सोबत आलं असेल तर ते नाण्याइतकंच जपा. बिल, कस्टमची पावती आणि दोन्ही बाजूंचे फोटो एका फाइलमध्ये आणि त्याची एक कॉपी मोबाइलबाहेर कुठेतरी, आणि ही फाइल कुठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, कारण उद्या विकायची वेळ आली तर ती भारतातच विकावी लागणार आणि इथला घेणारा सगळ्यात आधी ही फाइलच मागेल.